गच्चीवर भाजी लावायची आहे, बेळगावच्या पावसात काय टिकतं?

टिळकवाडी_गच्ची:
नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावर राहतो, वरची गच्ची मोकळी आहे, पाऊस नसला की नऊपासून चारपर्यंत छान ऊन असतं. मे महिन्यात उत्साहात बारा कुंड्या आणल्या, तांबडी माती भरली आणि टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर सगळं एकदमच लावलं. जूनमध्ये झड लागली आणि आठ दिवसात सगळं गेलं. मिरचीची रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. माझी मुलगी रोज शाळेला जायच्या आधी त्यांना पाणी घालायची, तिला काय सांगावं कळेना. एक दोडक्याचा वेल तेवढा वाचलाय, पत्र्यावर चढलाय, फुलं भरपूर येतात पण दोडकी बोटाएवढी झाली की पिवळी पडून गळतात. आता ऑगस्ट संपत आला, परत लावू का? काय लावू? आपल्या भागातल्या लोकांनीच सांगा, बाकीचे व्हिडिओ बघून झालेत, इथला पाऊस त्यांना माहीत नाही.

वडगावचा_मळा:
पहिलं म्हणजे मुलीला सांगा तिचं काही चुकलेलं नाही. चुकली ती माती. आपली तांबडी माती शेतात चांगली, पण नुसतीच कुंडीत भरली की पावसानं चोपून बसते, वर पापुद्रा धरते, पाणी खाली उतरत नाही आणि मुळं गुदमरतात. मग बुरशी येते, रोप बुंध्याशी कुजून आडवं पडतं, याला रोपमर म्हणतात.

दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस. कोकोपीटला पैसे घालू नका हो, आपल्याकडं एवढा भात पिकतो, राइस मिलमध्ये तूस मिळतं की. शेणखत मात्र हातात घेऊन वास बघा, मातीचा वास आला तर मुरलंय, शेणाचा आला तर कच्चं आहे, मुळं जाळतं. वर दोन मुठी निंबोळी पेंड. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवा म्हणजे खालची भोकं स्लॅबला चिकटून बंद होणार नाहीत. आणि वजनाचा विचार करा, वीस लिटरची बादली ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या आसपास जाते, म्हणून भिंतीच्या कडेनं आणि बीमवर मांडा, गच्चीच्या मधोमध नको.

गणपती झाले की टोमॅटो-मिरचीचं बी ट्रेमध्ये टाका, पण पत्र्याखाली, पाऊस थेट लागता कामा नये. टोमॅटोचं रोप दसऱ्याच्या सुमाराला कुंडीत जाईल, मिरचीला आठ-दहा दिवस जास्त लागतात. टोमॅटो लावताना खालची पानं काढून दांडा निम्मा मातीत पुरा, त्या दांड्यालाही मुळं फुटतात. बी घेणार असाल तर बेंगळुरूच्या हेसरघट्ट्याच्या बागवानी संस्थेचं अर्का रक्षक बघा, पर्णगुच्छ (पानं वळून गोळा होणं), मर आणि करपा या तिन्ही रोगांना तोंड देतं. संकरित वाण आहे, त्यामुळं पुढच्या वर्षीसाठी त्याचं बी धरू नका.

खानापूरचं_परडं:
आमच्याकडं तर तुमच्यापेक्षा जास्त पाऊस. मी पावसाळ्यात अळू सोडून कशाच्या मागं लागत नाही, मोरीचं पाणी पडतं तिथं लावलाय, आपोआप वाढतो. पावसाचा जोर कमी झाला की अंबाडी टाका (आमच्या शेजारच्या अक्का पुंडी म्हणतात), फार लाड लागत नाहीत. मेथी आणि धने घरातल्या डब्यातलेच चालतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, महिन्याभरात भाजी. कोथिंबिरीला धीर पाहिजे, धना लाटण्यानं हलका रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या, तरी आठ-दहा दिवस लागतात. उकरून बघू नका.

आता तुमचा दोडका. रोग वाटत नाही, परागीभवन होत नसणार. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्यासारखं पहाटे नाही, आणि झडीत किडे-माश्या फिरत नाहीत. तिन्हीसांजेला वर जा. झुपक्यानं येतात ती नर फुलं, आणि ज्याच्या मागं इवलासा दोडका असतो ते मादी. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा भाग मादीच्या मधोमध हळूच टेकवायचा. पुसायचं नाही, टेकवायचं. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात.

टिळकवाडी_गच्ची:
किती नीट सांगितलंत, दोघांचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं, मिरचीची पानं वळतात त्याला काय करायचं? मागच्या वर्षी शेजाऱ्यांची सगळी गेली.

वडगावचा_मळा:
बोकड्या. फुलकिडे, कोळी (जाळं करणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड), पांढरी माशी यांचं काम. पानं उलटी करून बघायची सवय लावा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. पण माशीनं व्हायरस आणलेला असेल तर ते झाड वाचत नाही. उपटून लांब टाका, बाकीची वाचतील.

टिळकवाडी_गच्ची:
सहा दिवसांनी लिहितोय. मी आणि मुलगी पाच वाजता वर गेलो तर कळ्या मिटलेल्या, साडेसहाला परत गेलो तर पत्र्यावर सगळी पिवळी फुलं उघडी. तिनंच टेकवलं, चार माद्यांना. दोन गळाल्या. दोन दोडकी आज तिच्या वितीएवढी आहेत, हिरवीगार.

खानापूरचं_परडं:
वा! अजून वाढू द्या, पण शिरा कडक व्हायच्या आत काढा. आणि शिरा टाकू नका, तीळ-सुकं खोबरं घालून चटणी करा.