सिंगापूर ते जोहोर बारू, शनिवारी कशाने जाऊ? (तातडीने मदत हवी आहे)

पाऊलवाट:
येत्या शनिवारी सिंगापूरहून जेबीला, म्हणजे मलेशियातल्या जोहोर बारूला जायचंय, सकाळी ११ च्या आत पोचायलाच हवं. बस, ट्रेन, टॅक्सी सगळ्यांबद्दल वाचून डोकं भणाणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आम्ही पाच जण आहोत. कशाने जाऊ तेवढंच सांगा, उद्यापर्यंत बुकिंग करून मोकळं व्हायचंय.

रानमोगरा:
ट्रेन. दुसरा विचारच करू नका. शटल तेब्राऊ ही गाडी वूडलँड्स चेकपॉइंटहून, म्हणजे सिंगापूरच्या हद्दीवरच्या नाक्यावरून, जेबी सेंट्रल स्टेशनला ५ मिनिटांत नेते, आणि जाताना दोन्ही देशांचं इमिग्रेशन गाडीत बसायच्या आधी वूडलँड्सलाच उरकतं, पलीकडे उतरलं की सरळ बाहेर. जाताना ५ सिंगापूर डॉलर, येताना ५ रिंगिट. मी गेली चार वर्षं दुसऱ्या कशानेही गेले नाहीये.

सह्यकडा:
ताई, शनिवार सकाळची तिकिटं आत्ता कुठून मिळणार? वीकेंडचं बुकिंग उघडल्यावर लगेच संपतं. बस धरा. क्रांजी एमआरटी (मेट्रो) स्टेशनहून १७० किंवा पिवळी सीडब्ल्यू १, नाहीतर वूडलँड्सहून ९५०. पण सकाळी ६ ला रांगेत असाल तरच. मी एकदा शनिवारी साडेनऊला गेलो आणि कॉजवेवर, म्हणजे दोन देशांमधल्या पुलावर, बस इतकी अडकली की लोक उतरून चालायला लागले, मीही चाललो, पाठीवर सॅक आणि हातात मुलीची बाबागाडी. पुलाची लांबी म्हणाल तर जेमतेम एक किलोमीटर, पण त्या उन्हात संपता संपत नव्हता.

रानमोगरा:
म्हणजे बसचा त्रास तुम्हीच सांगताय आणि बसच घ्या म्हणताय? केटीएमबीच्या, म्हणजे मलेशियन रेल्वेच्या ॲपवर कॅन्सल झालेली तिकिटं परत दिसतात, मला दोनदा आदल्या रात्री मिळालीत.

सह्यकडा:
पाच जणांना एकाच गाडीची पाच तिकिटं? एखाददुसरं मिळेल हो, पाच नाही मिळणार.

काजवा:
आधी हे सांगा, पाच जण म्हणजे कोण कोण? पासपोर्ट कुठले? जेबीत नक्की कुठे? आणि त्याच दिवशी परत येणार का? याशिवाय काय सांगणार कोणी.

पाऊलवाट:
मी, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि आईबाबा. पासपोर्ट सगळ्यांचे भारतीय. संध्याकाळी परत. मलेशियाला आपल्याला व्हिसा लागत नाही ना आता, मग पासपोर्टचा काय प्रश्न?

काजवा:
मलेशियाला लागत नाही हे बरोबर, १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत सूट आहे आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवलीय. प्रश्न परत येण्याचा आहे! आईबाबा इथे व्हिजिटवर आहेत का? मग त्यांच्या सिंगापूर व्हिसावर सिंगल जर्नी लिहिलंय की मल्टिपल जर्नी, ते आत्ताच्या आत्ता उघडून बघा. सिंगल असेल तर चेकपॉइंट ओलांडला की तो व्हिसा वापरून संपला, संध्याकाळी त्यांना आत घेणार नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका आजींना तीन दिवस पलीकडे हॉटेलात काढावे लागले, नातू इकडे रडून हैराण. म्हणून जीव तोडून सांगतेय.

आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड (येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) पाचही जणांचं भरा, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट असतं, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खोटी. परत येताना आईबाबांचं सिंगापूरचं तसंच कार्ड, एसजी अरायव्हल कार्ड, नव्याने भरायचं, विमानाने आले तेव्हाचं चालत नाही.

गावठाण:
गाडी नेणार असाल तर पेट्रोलची टाकी तीन चतुर्थांश भरलेली हवी, नाहीतर वूडलँड्सलाच दंड करून परत पाठवतात. आणि मलेशियाचं व्हीईपी, म्हणजे परदेशी गाडीचा प्रवेश परवाना, काढलंय का? १ जुलै २०२५ पासून ते नसेल तर ३०० रिंगिट दंड लावतात. टॅग बसवून घ्यायला वेळ जातो, आजच अर्ज करा.

पाऊलवाट:
माझ्याकडे गाडी नाही.

व्हिसा बघितला, दोघांचा मल्टिपल आहे. काजवाताई, खरंच आभारी आहे, हे डोक्यातही आलं नव्हतं. पण बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत, ते रांगेत फार उभे राहू शकत नाहीत.

सह्यकडा:
हे आधी सांगायचं ना! मग बस अजिबात नको. दोन्ही बाजूंना सामानासकट उतरायचं, सरकते जिने, लांब कॉरिडॉर, परत पुढच्या बसची रांग. माझा सल्ला मागे घेतो.

अंगणवेल:
टेलिग्रामवर ग्रुप आहेत, व्हॅनवाले घरून उचलतात आणि दारात सोडतात, स्वस्तात. आम्ही नेहमी तसेच जातो.

काजवा:
त्यातले बरेच बिनपरवान्याचे असतात. एलटीए (सिंगापूरचं वाहतूक खातं) अशा गाड्या पकडून जप्त करतेय, अपघात झाला तर विमा मिळेल याची खात्री नाही. सहा वर्षांचं पोर आणि ऑपरेशन झालेले आजोबा घेऊन असल्या व्हॅनमध्ये बसू नका.

अंगणवेल:
आम्हाला कधी कोणी अडवलं नाही.

काजवा:
ज्या दिवशी अडवतील त्या दिवशी पुलाच्या मध्यावर उतरवतील.

जुनावाडा:
पूर्वी हा ताप नव्हता. रेल्वेगाडी थेट सिंगापूर शहरातल्या तंजोंग पगार स्टेशनातून सुटायची, ते स्टेशन ३० जून २०११ ला बंद झालं आणि शेवटची गाडी जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली. मी गर्दीत उभा राहून बघितलीय, लोक डोळे पुसत होते. आता आरटीएस ही नवी रेल्वे येतेय, सिंगापूरच्या वूडलँड्स नॉर्थहून जेबीच्या बुकित चगारला ५ मिनिटं, तासाला एका दिशेने १० हजार माणसं नेणार. ती सुरू झाली की तेब्राऊही बंद होणार, वाईट वाटतं.

काजवा:
काका, आठवण छान आहे पण यांना परवा जायचंय. पाऊलवाट, जेबीत कुठे ते अजून सांगितलं नाहीत!

पाऊलवाट:
इस्कंदर पुतेरीला, मामेभावाकडे वास्तुशांत आहे. ११ ला पूजा सुरू होणार. जेबीच ना ते?

रानमोगरा:
अहो नाही! ते पश्चिमेला आहे, लेगोलँडच्या बाजूला. मग मीही ट्रेन सांगणार नाही, जेबी सेंट्रलला उतरून परत ग्रॅबच्या टॅक्सीने एवढं लांब जायचं. तुम्ही सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआसहून जो मलेशियाला जाणारा दुसरा पूल आहे, त्याने जा, तिथून इस्कंदर पुतेरी सरळ जवळ पडतं आणि वूडलँड्सपेक्षा तिथे एरवी गर्दी कमी असते.

सह्यकडा:
सहमत. दोन्ही बाजूंचा परवाना असलेली सात सीटची गाडी ठरवा, बहुतेक वेळा गाडीतून उतरावं लागत नाही, पासपोर्ट खिडकीतून द्यायचे. बाबांसाठी तेच बरं. गाडी ठरवताना ‘व्हाया तुआस’ असं स्पष्ट सांगा. पैसे वाचवायचे असतील तर जुरॉंग ईस्टहून इस्कंदर पुतेरीकडच्या बुकित इंदाहला सीडब्ल्यू ३ बस आहे, पण बाबा बरोबर असताना नको.

गावठाण:
तुआसलाही टाकीचा नियम तोच आहे.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवाना बघून गाडी बुक केली, साडेसातला निघतोय, व्हाया तुआस. पाचही जणांचं मलेशियाचं कार्ड भरून झालंय, आईबाबांचं परतीचंही भरलं. आई विचारतेय, पूजेचे नारळ नेता येतील का?

काजवा:
नारळ तिकडेच घ्या, भरपूर मिळतात.