फूट ड्रॉप, बधिर तळपाय आणि तोल: बूट कुठला घ्यावा?

सिडकोकर

नमस्कार मंडळी. वय ६१. सातपूरच्या एका कंपनीत मशीन शॉपला नोकरी झाली, आता घरी. राहायला नाशिकच्या सिडकोत, रो हाऊस, जिना अरुंद. साखर जुनी आहे. तळपाय बधिर झालेत, मोजे घातले नसले तरी घातल्यासारखे वाटतात. वॉश बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की अंग डोलतं, एका हाताने बेसिन धरावं लागतं.

एवढ्यावर निभावत होतं. गेल्या पावसाळ्यात कमरेतली चकती सरकली आणि डाव्या पायाची नस दबली. ऑपरेशननंतर कळ गेली, पण पाऊल वर उचलत नाही, यालाच फूट ड्रॉप म्हणतात. गुडघा उंच घेऊन चालावं लागतं आणि पाऊल फरशीवर फट्कन आपटतं. मिसेस म्हणते, तुम्ही कुठल्या खोलीत आहात ते आता न बघता कळतं.

पोटरीमागून तळपायाखाली येणारा पांढऱ्या प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, मिळालाय. तो माझ्या एकाही बुटात जात नाही. एमजी रोडला एक दुकानदार म्हणाला, दोन नंबर मोठा घ्या. मग उजवा पाय आत पोहतो. मुलाने जाड फोमचे रनिंग शूज मागवून दिले. बसून घातले की झकास, उभा राहिलो की झुलतो. कंपनीतले सेफ्टी शूज अजून आहेत, घोटा चांगला धरतात. तेच वापरू का? चप्पल तर पायातून कधी निसटते कळतच नाही. परवा गेटपासून घरात एकाच चपलेवर आलो, दुसरी बाहेर नातवाला सापडली.

सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जायचं मनात आहे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगावं. "चांगल्या कंपनीचे घ्या" एवढंच सांगू नये, ही विनंती.

पंचवटीच्या बाई

वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. खुब्याचा सांधा बदलला तेव्हापासून माझं उजवं पाऊल असंच लोंबतंय, आणि बधिरपणा तुमच्यासारखाच साखरेचा. त्यामुळे जरा लांबण लावते, वाचा.

आधी ते "दोन नंबर मोठा" डोक्यातून काढा. एएफओला बुटात खोली आणि रुंदी लागते, लांबी नाही. लांब बुटाचं पुढचं रिकामं नाक आपल्याला आधी पाडतं, कारण चवडा मुळातच खाली असतो. अर्धा, फार तर एक नंबर मोठा पुरतो. बुटातला इनसोल सुटा निघतो का ते बघा. डाव्यातला काढायचा, तिथे एएफओ बसतो. उजव्यातला ठेवायचा, गरज पडली तर त्याखाली आणखी एक पातळ थर. उजवा पाय पोहत नाही आणि दोन्ही पायांची उंचीही जवळपास सारखी राहते.

बुटाचं तोंड पार बोटांपर्यंत उघडणारं हवं. नुसता पाय सरकवायचे बूट आपल्या कामाचे नाहीत. एएफओसकट पाय आत कोंबताना करंगळी दुमडली तर तुम्हाला ते संध्याकाळी मोजा काढल्यावर दिसेल, तोवर साल गेलेलं असेल.

आता मऊ की कडक. इथेच सगळे घोळ घालतात, कारण तुमची तीन दुखणी तीन वेगळे बूट मागतात. बधिर तळव्याला मऊ लागतं, म्हणजे एका जागी दाब येऊन जखम होणार नाही. तोलाला मात्र पायाखालची जमीन कळावी लागते. जी काही थोडी जाणीव उरली आहे तीही जाड फोम खाऊन टाकतो, शिवाय तो एका बाजूला दबतो आणि घोटा त्याच्याबरोबर कलतो. लोंबत्या पावलाला हलका बूट लागतो, नाही तर प्रत्येक पावलाला ते ओझं मांडीने उचलायचं. तुमच्या सेफ्टी शूजचं उत्तर त्यातच आलं. पुढच्या स्टीलच्या टोपीचं वजन नेमकं तिथे असतं जिथून तुम्हाला पाय उचलता येत नाही. शिवाय ती टोपी बधिर बोटांना आतून घासते. देऊन टाका कुणाला तरी.

माझं मत असं की मऊपणा आतल्या इनसोलमध्ये ठेवावा, पातळ थराचा, आणि खालचा सोल घट्ट, रुंद, जमिनीजवळ. टाच इंचभराहून उंच नको. दुकानात बूट हातात घेऊन तीन गोष्टी करायच्या. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबायचा, तो आत जाता कामा नये. बूट पिळून बघायचा, फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवायचा. मग वाकवायचा, तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेले असतात. त्याहून सोपं म्हणजे उभं राहून पुठ्ठ्यावर दोन्ही पायांची रेघ मारून घ्यायची, कापायची आणि तो पुठ्ठा बुटात सरकवून पाहायचा. कडा दुमडल्या की बूट अरुंद. "घट्ट वाटतंय का हो?" या प्रश्नाला आपल्या पायांचं उत्तर खरं नसतं.

घरातलं तर कुणी विचारतच नाही. आपण बूट दाराबाहेर काढतो, एएफओही त्याबरोबर निघतो, आणि मग गुळगुळीत फरशीवर अनवाणी, ओल्या मोरीत, रात्री अंधारात. बहुतेक पडझड तिथेच. घरासाठी वेगळा जोड ठेवा जो उंबऱ्याबाहेर जात नाही. माझी एमसीआरची (बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची) सँडल आहे, मागे पट्टा, पुढे वेल्क्रो, एएफओसकट बसते. अंगठ्याची चप्पल अजिबात नको. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, ते आपल्याला जमत नाही, आणि पट्टा बोटांच्या बेचक्यात कापतो. सासूबाई असत्या तर स्वयंपाकघरात चप्पल म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. देवघरात मी स्टुलावर बसून सँडल काढते, बसूनच पूजा करते. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा जळतो. पायाला कळत नाही तेव्हा डोळेच तोल धरतात, अंधारात तेही जातात.

काळारामाच्या आवारातला दगड उन्हाळ्यात दुपारी पोळतो. आपल्याला ते फोड आल्यावर समजतं. पहाटे जावं. नुसत्या मोज्यांनी घासलेल्या दगडावर घसरायला होतं, तळाला रबरी ठिपके असलेले मोजे मिळतात ते घ्यावेत. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते.

बायकांसाठी एक: साडी घोट्याच्या दोन बोटं वर नेसा. लोंबत्या पावलात निऱ्या अडकतात. साडीवर बूट कसे दिसतात हे विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

पट्टा_आणि_साचा

मी एएफओ बनवण्याच्या कामात आहे, नाशिकमध्येच, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. बाईंचं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

बूट घ्यायला एएफओ पायात घालूनच जा. बुटाची टाच एएफओच्या कोनाशी जुळावी लागते. टाच जास्त उंच झाली तर नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा मोडल्यासारखा वाकतो. फार सपाट झाली तर गुडघा मागे ताणला जातो. एका बुटात बरं चालणारा माणूस दुसऱ्यात अडखळतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून दोन-तीन जोड घ्यायचेच असतील तर टाच सारखी ठेवा.

तुमचा एएफओ तयार मापाचा असेल आणि तळवे बधिर असतील तर आत मऊ अस्तर लावून घ्या. खाली लांब, बिनशिवणीचा मोजा, सुरकुती नको, शक्यतो पांढरा, म्हणजे रक्त किंवा पू लागला तर दिसतो. सुरुवातीला तासाभराने काढून पाय बघा. लाल वळ उठणारच, पण तो वीस-तीस मिनिटांत गेला पाहिजे. राहिला तर ज्यांनी बनवला त्यांच्याकडे जा. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे ते पांढरं प्लास्टिक, गरम करून तेवढी जागा बाहेर काढता येते. कार्बन फायबरचा हलका असतो, बुटात कमी जागा घेतो, पण महाग, आणि असा गरम करून बदलता येत नाही. घोट्याभोवती पट्टा आणि बुटाच्या नाडीला हूक असा एक प्रकार ऑनलाइन दिसेल. पाऊल थोडंसंच पडत असेल आणि घोटा कलत नसेल तर तो ठीक. तोल जातोय म्हणता, तर तुम्हाला तो सुचवणार नाही.

चवडा जमिनीला घासत असेल तर बुटाच्या सोलचं टोक घासून थोडं वर उचलून घ्या, किंवा टोकाखाली इंचभर गुळगुळीत चामड्याचा तुकडा लावा. चप्पल शिवणारे काका सहज करून देतात. रबर जास्त पकडणारं असलं की पाय तिथेच चिकटतो आणि माणूस पुढे जातो. मात्र चामडं फक्त टोकाला. पूर्ण सोल गुळगुळीत केला तर ओल्या फरशीवर आडवे व्हाल.

पोटरी रोज ताणा. ती आखडली की पाऊल एएफओत नीट बसतच नाही, टाच वर राहते. पायावर पाय टाकून बसू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाला लागून नस जाते, ती आधीच दुखावलेली आहे, तिथे पुन्हा दाब नको.

आणि एकदम महागाचे बूट घेऊ नका. नस परत वाढली तरी दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते, म्हणजे महिन्यांचा हिशोब आहे. मधे एएफओ बदलावा लागू शकतो. मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवायचं असेल तर जुने झिजलेले बूट बरोबर न्या. सोल कुठे झिजलाय त्यावरून बरंच कळतं.

निफाडचा बागायतदार

काठी कुणी लिहिली नाही. डावा पाय अधू तर काठी उजव्या हातात. मी उलट धरायचो, फिजिओथेरपिस्ट ताईंनी बदलायला लावली, फरक लगेच कळतो. वेल्क्रोत आमच्याकडची काळी माती भरली की पकड जाते, जुन्या टूथब्रशने साफ करायचं. पावसाळ्यात गमबूट नको, त्यात घोटा मोकळाच राहतो आणि वजनही होतं.

बूट घालण्याआधी उलटा आपटायचा आणि आत हात फिरवायचा. रोज. माझ्या बुटात द्राक्षाच्या तारेचा तुकडा निघाला होता.

सिडकोकर

बाई, साहेब, दादा, सगळ्यांचे आभार. पुठ्ठा कापला. उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद निघाला, इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सेफ्टी शूज शेजारच्या वॉचमनला दिले, त्याला बसले.

दोन शंका. ट्रॅकवर मातीत चालू की रस्त्यावर डांबरावर? आमच्याकडे सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत. आणि साखरेची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे बरीच वर्षं, त्याचा याच्याशी संबंध आहे असं भाचा म्हणतो.

पंचवटीच्या बाई

भाच्याचं ऐका. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की काहींचं बी १२ कमी होतं, आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात, तोल जातो. रक्ताच्या एका तपासणीत कळतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असाल तर नक्की विचारा.

उकरलेल्या रस्त्यावर जाऊ नका. ट्रॅकची दाबलेली माती सपाट असते, पण पाऊस पडल्यावर दोन दिवस सोडून द्या. पहिले काही दिवस ऊन वर आल्यावर जा, अंधारात पहाटे नको. नवे बूट पहिल्याच दिवशी ट्रॅकवर नेऊ नका, आधी घरातल्या घरात अर्धा तास, मग मोजा काढून आरशात तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा.

दुकानात गालिच्यावर चालवून दाखवतील. फरशीवर चालू द्या म्हणा, आणि बिल घेताना न वापरलेला जोड परत घेतील का ते आधी विचारून ठेवा.

पट्टा_आणि_साचा

उजवा रुंद असेल तर नंबर उजव्याच्या रुंदीने ठरवा. डाव्यात एएफओ आहे, तो जागा भरून काढेल. तरी टाच मागून उचलली जात असेल तर नाडी वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवा, ती दोन भोकं सगळे रिकामी सोडतात.