सिल्फियम नीरोने संपवलं नाही

सिल्फियम ही प्राचीन काळी चिकासाठी मोलाची असलेली, पुढे नाहीशी झालेली वनस्पती. असं म्हटलं जातं की ती रोमनांनी गर्भनिरोधक म्हणून ओरबाडली आणि शेवटचं रोप रोमन सम्राट नीरोने खाल्लं. थोडी भर घालतो.

रोमन लेखक प्लिनी एवढंच लिहितो की त्याच्या आठवणीत एकच कांडी सापडली आणि ती नीरोला पाठवली गेली. नीरोने तिचं काय केलं, देव जाणे! सिल्फियम संपण्याचं कारण म्हणून प्लिनी बोट दाखवतो ते मेंढरांकडे. सायरीनीची (आजच्या लिबियातला, सिल्फियम उगवायचं तो भाग) कुरणं मक्त्याने घेणाऱ्यांना चराईत जास्त पैसा दिसला आणि मेंढरांनी सगळं फस्त केलं. हे खाल्लं की मेंढ्या झोपतात आणि शेळ्या शिंकतात, असंही तोच सांगतो.

खरी गोम म्हणजे ते लावून येत नसे. ग्रीक वनस्पती-अभ्यासक थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच तसं नोंदवलंय. सायरीनीच्या नाण्यांवर ते रोप दिसतं: जाड, पन्हळी खोड, समोरासमोर पानं, टोकाला फुलांचा गेंद. रोमच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने रोमच्या खजिन्यातून सोन्याचांदीबरोबर याचा 1500 रोमन पौंड चीक बाहेर काढला, म्हणजे जवळपास 490 किलो!

मूळ चीज मिळेना तेव्हा रोमनांनी इराणकडून येणाऱ्या हलक्या प्रतीच्या चिकावर भागवलं. तो म्हणजे आपला हिंग. आपण ज्याची आमटीला फोडणी देतो, ती त्यांच्या लेखी नक्कल होती.

2021 मध्ये तुर्कस्तानात हिंगाच्याच कुळातली एक वनस्पती 'हीच ती' म्हणून पुढे आली. वर्णन बरंच जुळतं, पण सायरीनी कुठे आणि तुर्कस्तानातला अनातोलिया कुठे. मला अजून पटलेलं नाही.