सर्रा: म्हशीचा ताप उतरून पुन्हा का चढतो?

मूलचा_गोठा
पावसाळा सरता सरता आमच्या म्हशीला ताप भरला. वैरण सोडली, दूध आटलं. औषधाशिवायच ताप उतरला, मग परत चढला, परत उतरला. मधल्या काळात तपासलेल्या रक्तात काहीच निघालं नाही. यावेळी तापातच डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्त घेतलं आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तांबड्या पेशींच्या अधेमधे बारीक जंतू वळवळत होते, पेशींना ढुशा देत होते. सर्रा निघाला, इंजेक्शन दिलं. पण शरीराने जंतू ओळखून मारला, तर तो पुन्हा येतो कसा? आणि लाळ्या-खुरकुताची लस आहे, मग याची का नाही?

जुना_पशुवैद्य
ताई, रक्त तापात घेतलं हे फार बरं झालं. ताप उतरल्यावर जंतू इतके विरळ होतात की काचेवर हाती लागत नाहीत.

हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो शोधला. घोडमाशी एका जनावराचं रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्याला चावते, तेव्हा तोंडाला लागलेल्या रक्तातून तो पसरतो.

म्हशीचं शरीर त्याला ओळखतं, मारतंही. पण ओळखतं ते त्याच्या अंगावरचं प्रथिन, व्हीएसजी. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा जंतू याचा अगदी जवळचा भाऊबंद, त्याच्यावर याचा खूप अभ्यास झालाय. एकेका जंतूवर या प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणू इतके दाटीने उभे असतात की प्रतिपिंडांना, म्हणजे जंतूला चिकटायला शरीर बनवतं त्या प्रथिनांना, त्यांचे फक्त शेंडे लागतात. आधी आयजीएम प्रतिपिंडं तयार होतात, ती शेंड्यांना चिकटतात, आणि यकृतातल्या भक्षक पेशी असे जंतू गिळून टाकतात. ताप उतरतो तो तेव्हा.

पण त्याच्याकडे अशा प्रथिनांची शेकडो जनुकं आहेत, अर्धीमुर्धी मोडकी धरली तर हजारांच्या घरात. एका वेळी चालू असतं एकच. लाखोंमधल्या एखाद्या जंतूने मधेच दुसरं चालू केलेलं असतं. जुनी प्रतिपिंडं त्याला लागू पडत नाहीत, तो वाढतो आणि ताप पुन्हा चढतो. लस नाही ती यामुळेच. एका रूपावर बनवली तर पुढच्या रूपापुढे ती निकामी.

सूक्ष्मजीव_एमएस्सी
थोडी भर घालते. चिकटलेली प्रतिपिंडं हा जंतू उतरवूनही टाकतो. तो पोहत असताना ती अंगावरून मागे, शेपटीच्या मुळाशी असलेल्या खोबणीकडे ढकलली जातात आणि तिथे तो ती आत ओढून पचवतो. प्रतिपिंडं थोडी असतील तर सहज निभावतो. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची स्मृतीच खिळखिळी केलेली दिसली. लस या स्मृतीवरच चालते, म्हणून मला वाटतं, लसीतली खरी अडचण ही आहे.

मूलचा_गोठा
आता नीट समजलं. पण धार माझा मुलगा काढतो, त्याच्या हाताला चिरा पडल्यात. माणसाला होतो का हा?

जुना_पशुवैद्य
सहसा नाही. आपल्या रक्तातलं एपीओएल-१ हे प्रथिन या जंतूला फोडून टाकतं. पण २००४ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला तो झाला, ताप महिनोन्‌महिने येत-जात राहिला. तपासणीत त्यांच्या एपीओएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला, हे प्रथिन रक्तात नव्हतंच. सुरामिन या औषधाने ते बरे झाले. पुढे गावकऱ्यांचं रक्त तपासलं, काहींच्यात प्रतिपिंडं मिळाली, जंतू मात्र कोणातच नाही. तरी गाफील राहू नका. व्हिएतनाममध्ये हे प्रथिन धड असलेल्या बाईलाही तो झालाय, कच्चं मांस कापताना झालेल्या जखमेतून.

धारेने होईल असं मी म्हणणार नाही. पण म्हशीचं रक्त, वार किंवा जखम हाताळायची असेल तर मुलाला हातमोजे घालायला लावा. त्याला अधूनमधून ताप येऊ लागला, तर गोठ्यात सर्रा होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे मलेरियासाठी काच पाहताना ते हाही जंतू शोधतील.