ऑइल फिल्टर: कंपनीचाच घ्यावा की आफ्टरमार्केट चालतो?

पानापक्कड
गाडी ६५० सीसी, दोन सिलिंडर, वेट क्लच (इंजिनाच्याच तेलात चालणारा), स्पिन-ऑन फिल्टर (आट्यांवर फिरवून बसणारा बंद डबा). कंपनीचा आणि आफ्टरमार्केट (दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला) असे दोन्ही फिल्टर समोर ठेवले तर आटे तेच (एम २० × १.५, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर), उंचीही जवळपास तीच. मग फरक नेमका कुठे असतो? डब्यावर लिहिलेल्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आकड्याला किती किंमत द्यावी? आणि आटे जुळतात म्हणून कारचा फिल्टर लावणारे लोक दिसतात, ते कितपत बरोबर? "कंपनीचा तो कंपनीचा" एवढंच उत्तर नको, कारणं हवीत.

तेलकट बोटं
आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही, इथूनच सुरुवात करा. सुझुकीच्या अनेक गाड्यांना चालणारा एचएफ १३८ आणि होंडा-यामाहा-कावासाकीचा एचएफ २०४ (हे हायफ्लो या फिल्टर-उत्पादकाचे नंबर), दोघांचेही आटे एम २० × १.५ आहेत. तरी कॅटलॉगमध्ये नंबर वेगळे, कारण गॅस्केटचा (फिल्टरच्या तोंडावरच्या रबरी कड्याचा) व्यास, डब्याचं माप आणि आतल्या झडपा हा सगळा हिशेब आट्यांपलीकडचा आहे.

बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टी तीन.

पहिली, बायपास झडप. थंड इंजिनात तेल घट्ट असतं. तेव्हा रेस केली किंवा आतला गाळणीचा कागद चोंदला की फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. बेअरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं. ही मर्यादा फिल्टरागणिक अर्ध्या बारपासून (बार हे दाबाचं माप) दोन बारपर्यंत असते. स्प्रिंग गरजेपेक्षा नरम असली तर झडप उठसूट उघडते आणि फिल्टर नुसता शोभेला राहतो. फार कडक असली तर कागद चुरगळतो किंवा फाटतो.

दुसरी, तेल मागे वाहू न देणारी रबरी झडप. बाहेरच्या छोट्या भोकांच्या मागे बोट लावलं की जाणवते ती चकती. फिल्टर आडवा बसत असेल तर हिचं काम मोठं. ती कडक झाली की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी ऑइलचा दिवा विझायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, वरून खडखड ऐकू येते. काळी चकती बहुधा नायट्राइल रबराची, केशरी किंवा लालसर असेल तर बहुधा सिलिकॉनची. सिलिकॉन उष्णतेत आणि थंडीत जास्त काळ मऊ राहतं. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल, तर मात्र या झडपेसाठी जादा पैसे मोजू नका.

तिसरी, कागद आणि तो चिकटवण्याची रीत. घड्यांची संख्या मोजून निष्कर्ष काढू नका. घड्या दाटीवाटीने कोंबल्या तर मधल्या जागेत तेल शिरतच नाही. घड्यांमधलं अंतर सारखं आहे का, जोड धड चिकटलाय का, टोकाच्या झाकणाशी फट आहे का, हे पाहा. फटीतून गेलेल्या तेलाला कागद कितीही भारी असून काय उपयोग?

क्रँककेस
मायक्रॉनबद्दल. "२० मायक्रॉन" एवढंच छापलेलं असेल तर ते वाचून सोडून द्या. २० मायक्रॉनचे कण किती टक्के अडतात, हे सोबत नसेल तर आकडा अर्धवट आहे. आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी यासाठीच आहे. तिच्यात फिल्टरच्या आधीचे कण भागिले नंतरचे कण, असं गुणोत्तर निघतं, त्याला बीटा म्हणतात. बीटा २ म्हणजे निम्मे कण अडले. बीटा २० म्हणजे ९५ टक्के. बीटा ७५ म्हणजे साधारण ९८.७ टक्के. दोन फिल्टरवर "२० मायक्रॉन"च छापलेलं असून एक निम्मे सोडतो आणि दुसरा शंभरातले पाच, असं सहज होऊ शकतं. जो उत्पादक चाचणीचं नाव आणि टक्केवारी दोन्ही देतो, त्याच्याच आकड्यांची तुलना करा.

गाळणी जितकी बारीक तितकी चांगली, हेही खरं नाही. त्याच आकाराच्या डब्यात कागद जास्त बारीक केला की अडथळा वाढतो, बायपास लवकर उघडतो, आणि कमावलं ते गमावलं.

कंपनी म्हणजे कंपनी
एवढं सगळं तपासायला कुणाला वेळ आहे? मॅन्युअलमधला पार्ट नंबर घ्या, लावा, विषय संपला. इंजिनाची चाचणी ज्या फिल्टरवर झाली तोच लावण्यात धोका सगळ्यात कमी. तेलाच्या एकूण खर्चात फिल्टरचा वाटा लहान असतो, तिथे काटकसर कसली करायची? वॉरंटी चालू असेल तर वादाचं निमित्तही उरत नाही.

तेलकट बोटं
वॉरंटीपुरतं मान्य. पण "कंपनीचा" फिल्टर गाडीची कंपनी स्वतः बनवते, हा समज सोडा. होंडाच्या डब्यातले बरेच फिल्टर टोयो रोकीने बनवलेले असतात. माहले, मान-हुमेल हे वाहन कंपन्यांनाही पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. म्हणून मी प्रश्न असा विचारतो: बनवला कुणी, आणि माझ्या मॉडेलसाठी त्याने तो नावानिशी यादीत दिलाय का? नाव असलेला आफ्टरमार्केट, मॉडेलच्या यादीतला, तर बिनधास्त लावा. उत्पादकाचं नावच नसलेला फिल्टर फुकट मिळाला तरी नको.

नकली मालाचंही लक्षात ठेवा. नकल होते ती खपणाऱ्या नावाची, म्हणजे कंपनीच्या डब्याचीच जास्त. छपाईच्या कडा फुटलेल्या, गॅस्केट खाचेत सैल, आट्यांना धातूचा कीस चिकटलेला, आत डोकावलं तर कागद वाकडा, अशी खूण दिसली की परत करा. जुना खात्रीचा फिल्टर जवळ असेल तर नवा त्याच्या शेजारी ठेवून भोकांची संख्या आणि गॅस्केटची जाडी ताडून पाहा.

पानापक्कड
बरं, कारच्या फिल्टरचं राहिलं. आणि घट्ट किती करायचा? कुणी हाताने म्हणतं, कुणी पान्याने.

क्रँककेस
कारचा फिल्टर: टाळा. गॅस्केट बसायची जागा थोडी जरी वेगळी असली तरी ते रिंगच्या कडेवर बसतं, सुरुवातीला गळत नाही आणि दाबाखाली एकदम सरकतं. सगळं तेल मागच्या टायरवर. शिवाय बाइकचं इंजिन कारपेक्षा खूप जास्त आरपीएमला फिरतं, पंपाचा प्रवाह वेगळा, बायपासचा हिशेब वेगळा. वर लांबीला मोठा फिल्टर एक्झॉस्टच्या पाइपला टेकू शकतो किंवा खाली लोंबून दगडाचा मार खातो.

घट्ट करणं मॅन्युअलप्रमाणे. अनेक होंडांना २६ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर), यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना १७. सुझुकी बहुतेक ठिकाणी गॅस्केट टेकल्यावर दोन फेरे सांगते, साधारण २० न्यूटन-मीटर. आकडा सापडलाच नाही तर गॅस्केट टेकल्यावर फिल्टरवर मार्करने खूण करा आणि फिल्टरच्या डब्यावर दिलेले फेरे मोजा. बहुतेकांवर पाऊण फेरा असतो. गॅस्केटला नव्या तेलाचं बोट फिरवा, ग्रीस नको. कोरडं गॅस्केट पिळवटतं आणि टॉर्क खोटा दाखवतं.

तळाशी नट असलेल्या फिल्टरबद्दल एक. तो नट मुख्यतः काढण्यासाठी आहे. पाना लांब घेऊन त्यावरच जोर लावला तर नटाच्या जोडाजवळ पातळ पत्र्याला ताण येतो. बसवताना हाताने किंवा कप-पान्याने घट्ट करा.

आणि जुनं गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोटाने फिरवून बघाच. दोन गॅस्केटवर बसलेला फिल्टर गळणार म्हणजे गळणारच, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

सिंगल सिलिंडर
स्पिन-ऑनचं झालं, पण झाकणाच्या आत कागदी कार्ट्रिज (डब्याशिवायचा नुसता गाळणीचा भाग) असलेल्यांचं काय? तिथे आफ्टरमार्केट लावताना काही वेगळं पाहावं लागतं?

तेलकट बोटं
तिथे जास्तच पाहावं लागतं, कारण चूक बाहेरून दिसत नाही. कार्ट्रिजची उंची अर्धा-एक मिलिमीटर जरी कमी असली तरी मागची स्प्रिंग त्याला पुरेशी दाबत नाही आणि तेल कडेने निसटतं. दोन्ही टोकांची रबरं दाबून पाहा, परत फुगली पाहिजेत. स्प्रिंग कुठल्या बाजूला जाते, हे जुना काढतानाच फोटो घेऊन ठेवा.

दिशा सगळ्यात महत्त्वाची. होंडाच्या अनेक कार्ट्रिजवर "आउट-साइड" असं कोरलेलं असतं, ती बाजू झाकणाकडे. उलटा बसवला तर तेलाची वाट अडते आणि इंजिन खराब व्हायला फार वेळ लागत नाही. आफ्टरमार्केट कार्ट्रिजवर ही खूण नसेल, तर जुन्याशेजारी ठेवून बंद तोंड कुठलं आणि उघडं कुठलं ते आधी पक्कं करा.

झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगकडे (गोल रबरी कड्याकडे) सगळे बघतात, कारण ती गळाली की दिसते. काही इंजिनांत तेलवाटेवर एक छोटी ओ-रिंगही असते. ती राहिली किंवा चिरली तर बाहेर थेंब नाही, आत मात्र दाब कमी. आफ्टरमार्केट पाकिटात बऱ्याचदा फक्त मोठीच मिळते. छोटी वेगळी मागवा.

गाळणीवाला
लहान प्रवासी बाइकवाल्यांनो, तुमच्या इंजिनात कागदी फिल्टर आहे का, हे आधी बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त तारेची जाळी आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा सेंट्रिफ्युगल रोटर (फिरण्याच्या जोराने घाण कडेला फेकून साठवणारा) असतो. तिथे विकत घ्यायला फिल्टरच नसतो. मॅन्युअलच्या अंतराने जाळी धुवायची आणि रोटरमधला चिखल पुसून काढायचा. चिंधीचे धागे आत राहू देऊ नका.

थ्रॉटल
स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर कसा? एकदा घेतला की कायमचा.

क्रँककेस
बहुतेकांची जाळी ३५ मायक्रॉनच्या आसपास असते. प्रवाह उत्तम, पण बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो आणि त्याला घासणारे कण बरेचसे ३५ पेक्षा लहान. शर्यतीत, जिथे तेल काही तासांतच बदलतात, तिथे ठीक. रोजच्या गाडीला कागदीच बरा. शिवाय धुताना आतल्या बाजूला गेलेली घाण थेट बेअरिंगकडे जाते, हे विसरू नका.

पानापक्कड
म्हणजे माझ्या गाडीला मॉडेलच्या यादीतला नावाजलेला आफ्टरमार्केट, किंवा कंपनीचा. लावल्यावर बरोबर बसला हे कसं ओळखायचं?

तेलकट बोटं
इंजिन दोन-तीन मिनिटं गरम करून तेल काढा, ड्रेन प्लगला नवा वॉशर. मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे असतात, फिल्टर बदलून आणि न बदलता. तुम्हाला बदलून असलेला हवा. दोन्हींत बहुधा १०० ते ३०० मिलिलिटरचा फरक. आधी थोडं कमीच ओता.

सुरू केल्यावर रेस करू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. दोन-तीन मिनिटं संथ चालवा, बंद करा, तितकाच वेळ थांबा, गाडी सरळ उभी धरून काचेत पातळी बघा आणि कमी असेल तर भर घाला. फिल्टरची कड कोरड्या टिश्यूने पुसून ठेवा, पहिल्या फेरीनंतर परत टिश्यू लावा. डाग आला तर घट्ट करत बसू नका, काढून गॅस्केट बघा.

जुना फिल्टर टाकण्याआधी उघडा. फिल्टर-कटरने कापा, हॅकसॉने कापलात तर करवतीचाच कीस आत पडेल आणि तुम्ही उगाच घाबराल. कागद कापून पिळा, उजेडात पसरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड थोडीफार गिअरची, ती असणारच. काळे मऊ तंतू क्लचचे. न चिकटणाऱ्या चंदेरी चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बेअरिंगच्या, सोनेरी असतील तर ब्राँझच्या बुशच्या. नखाला टोचतील इतके मोठे तुकडे दिसले तर पुढचा फिल्टर कुठला घ्यायचा हा प्रश्न बाजूला ठेवून इंजिन उघडायची तयारी करा.