अर्जंट!! पिल्लू काही खात नाहीये, मदत हवी आहे

वैतागलेला_कोथरूडकर:
लोकहो पटकन सांगा, काल संध्याकाळपासून पिल्लू घरात आहे आणि काहीच खात नाहीये. दूध चालेल का? ड्रॉपर आणलाय. रात्रभर इतका आवाज केलाय की बायको झोपलेली नाही. साडेनऊला निघायचंय ऑफिसला, गूगल करत बसायला वेळ नाही, ज्याला खरंच माहितीये त्यानेच लिहा. उद्या पेंटर परत येणारेत म्हणजे जे काय करायचं ते आजच.

टेकडीकर:
कशाचं पिल्लू? मांजराचं, खारीचं, का शेजाऱ्यांचं?

मंदाताई६४:
गाईचं दूध नका हो देऊ. आमच्याकडे खारीचं पिल्लू शेळीच्या दुधावर जगवलं होतं, कापसाच्या बोळ्याने द्यायचं, दर दोन तासांनी. शेळीचं दूध मंडईच्या मागे मिळायचं पूर्वी, आता माहीत नाही.

वैतागलेला_कोथरूडकर:
अहो पक्ष्याचं! पांढरा कापूस चिकटवल्यासारखं अंग, तोंड लांबट, माकडासारखं. जवळ गेलं की मान खाली घालून डुलतं आणि कुकरची रिंग सैल झाल्यावर वाफ सुटते ना, तस्सा आवाज. खोक्यात ठेवून वर टॉवेल टाकलाय.

टेकडीकर:
गव्हाणी घुबड आहे. दूध अजिबात नको, ड्रॉपरने पाणीसुद्धा नको, श्वासनळीत गेलं तर संपलं. सापडलं कुठे? पडलं होतं का? पंख, पाय धड आहेत का? आणखी पिल्लं होती का? हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

पेठी_पुणेकर:
घुबड घरात ठेवलंय म्हणजे कमालच. संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर काढा आणि शांत करून घ्या, अनुभवाने सांगतोय.

मंदाताई६४:
लक्ष्मीचं वाहन आहे ते, शांत कसली करताय!

वैतागलेला_कोथरूडकर:
पडलं नव्हतं. डक्टमध्ये परांची बांधताना चौथ्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या एसीच्या मागे पेंटरला दिसलं, त्याने पोत्यात गुंडाळून माझ्याकडे आणून दिलं कारण मी एकटाच घरी होतो. अजून दोन आत आहेत, एक याच्याहून मोठं, एक अगदी चिमणं. लागलेलं वगैरे काही दिसत नाही. सेक्रेटरी म्हणतायत पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून उद्या सगळं साफ करू.

टेकडीकर:
म्हणजे पिल्लू अनाथ नाहीच, तुम्ही लोकांनी भरल्या घरातून उचलून आणलंय! घुबडाची मादी अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लं अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहानमोठी. आईबाप अंधार पडल्यावर उंदीर घेऊन येतात. आत्ता १९२६ ला फोन करा, वनविभागाची हेल्पलाइन आहे. बावधनला जखमी वन्यप्राण्यांचं ट्रीटमेंट सेंटर आहे, ते तपासून परत ठेवायला मदत करतील. स्वतः परांचीवर चढू नका.

राजगड_रिटर्न:
माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, परत ठेवून उपयोग शून्य. सरळ कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन द्या.

टेकडीकर:
साफ चूक. हात लागलेली पिल्लं आईबाप बिनदिक्कत घेतात, बऱ्याच पक्ष्यांना वासाचं एवढं काही नसतं. कात्रज काय पाळणाघर आहे?

राजगड_रिटर्न:
आमच्या गावी चिमणीचं पिल्लू मेलं होतं असंच, पुस्तकं वाचून बोलू नका.

पक्षीवेडा_पुणे:
पिंगळा पण असू शकतो हां. पिंगळा लहान, करडा, अंगावर ठिपके, दिवसासुद्धा दिसतो. रानपिंगळा वेगळा, तो ११३ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. घुबडांची आवड असेल तर पिंगोरीला इला फाउंडेशनचा उलूक उत्सव होतो, जरूर जा.

वैतागलेला_कोथरूडकर:
मला उत्सवाला जायचं नाहीये हो, पिल्लाचं सांगा. आणि सेक्रेटरींना काय सांगू?

टेकडीकर:
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी, घरटी छेडणं येतं. एवढं त्यांच्या कानावर घाला, पेस्ट कंट्रोलचा विषयच संपेल. आणि सोसायटीत उंदरांचं औषध टाकता का? ते खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाने उचलला की विष थेट पिल्लांच्या पोटात.

वैतागलेला_कोथरूडकर:
टाकतो, पार्किंगमध्ये, हिरव्या वड्या. आता काय!

वैतागलेला_कोथरूडकर:
अपडेट. अर्धा दिवस सुट्टी टाकली. फोन लावला, दुपारी सेंटरची दोन मुलं आली, पंख उघडून बघितले, वजन केलं, थोडं काहीतरी भरवलं आणि चौथ्या मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीतून परत ठेवलं. खाली केसाळ काळ्या गोळ्या पडल्या होत्या, मला वाटलं मांजराची घाण, त्यांनी एक फोडून दाखवली तर आत उंदराची अख्खी कवटी, पिवळ्या दातांसकट. आठच्या आधी पांढरं काहीतरी आलं, पंखांचा आवाजच नाही, आणि आतून तिघांची वाफ एकदम सुटली. बायको खिडकीत उभी राहून बघत होती, काल शिव्या घालत होती.

वड्या मी स्वतः उचलल्या. पण एकच घोळ, ती मुलं म्हणाली सगळ्यात धाकटं उडायला दीड महिना तरी लागेल, तोवर डक्टचं काम बंद. परांचीचं दीड महिन्याचं भाडं कोण देणार म्हणून सेक्रेटरींनी उद्या मीटिंग लावलीये.

राजगड_रिटर्न:
डक्ट सोडून बाकीच्या बाजू रंगवून घ्या ना आधी, परांची तिकडे हलवा.

मंदाताई६४:
कबुतरांच्या जाळीवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?