मदत हवी आहे: बाबांसाठी फ्लॅट कॅप (चपटी, पुढे छोटी चोच असलेली टोपी), कापड कोणतं आणि माप कोणतं? (आज रात्रीपर्यंत)

सदाफुली
ट्वीड (जाड लोकरीचं कापड), कॉर्डरॉय की ते मेणकापड (मेण चोळलेलं सुती)? दादाने तीन लिंक पाठवल्यात, सेल आज रात्री संपतोय आणि तो म्हणतो तूच ठरव. मापात ५६ पण आहे, ५८ पण आहे. ज्यांनी वापरलीय त्यांनी पटकन सांगा प्लीज. इतिहास नको, फक्त काय घेऊ ते सांगा.

उसवण-शिवण
कोण घालणार? कुठे? कोणत्या महिन्यात? डोक्याचा घेर किती? हे कळल्याशिवाय कापड सांगणं म्हणजे हवेत कात्री चालवणं.

पेनाइन_वारा
ट्वीड. डोळे मिटून ट्वीड घ्या. मी उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमध्ये राहतो, इथे दुसरं काही चालत नाही.

आबा_कोथरूड
आपल्याकडे गांधी टोपी असताना ही साहेबाची टोपी कशाला? चांगली खादी घ्या, तांदळाची खळ करून पातळ गाळा, टोपी बुडवून घट्ट पिळा, अर्धी ओली असतानाच घडीवर इस्त्री फिरवा. साबुदाण्याची खळ केलीत तर कडकपणा जास्त येतो, पण इस्त्रीला चिकटते. जाड खादी असेल तर खळ दोनदा द्यावी लागते.

सदाफुली
आबा, बाबा रोज गांधी टोपीच घालतात, खळीचं काम गेली कित्येक वर्षं आईच करते. ते इंग्लंडात लीड्सला दादाकडे चाललेत, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. तिथे सुती टोपीने काय होणार?
माप: त्यांची टोपी २२ नंबरची. २२ इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर. म्हणजे ५६ घेऊ ना?

उसवण-शिवण
नाही! घाई करू नका. गांधी टोपीचा नंबर इथे चालत नाही. पुष्कळ जण ती कपाळाच्या वर, डोक्याच्या निमुळत्या भागावर घालतात. शिवाय ती एकेरी कापडाची, अस्तर नसलेली, डोक्याप्रमाणे थोडी सरकते, दबते. फ्लॅट कॅप खाली बसते. पुढे कपाळाच्या मध्यावर, बाजूला कानाच्या बोटभर वर आणि मागे डोक्याचा जो फुगवटा असतो त्यावरून. तिथला घेर जास्तच येतो. त्यात अस्तर आणि आतली कपाळपट्टी वेगळी जागा खातात.
आता उठा, शिवणाची टेप घ्या आणि बाबांना खुर्चीत बसवा. टेपखाली एक बोट सहज जाईल इतपत सैल धरा. दोनदा मोजा.

घाटावरचा
मी वेगळं सुचवतो. आपली घोंगडी! कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागावरची घोंगडी अजून विणली जाते. पाऊस, वारा, थंडी, सगळ्याला तोंड देते. धनगर आयुष्य काढतात त्यावर. घोंगडीचा तुकडा घेऊन चांगल्या शिंप्याकडून फ्लॅट कॅप शिवून घ्या. लीड्समध्ये कुणाकडे नसेल अशी टोपी होईल आणि पैसाही आपल्या विणकराकडे जाईल.

उसवण-शिवण
कल्पनेबद्दल आदर आहे, घोंगडी माझ्याही घरात आहे. पण टोपीसाठी ती जड आणि राठ. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते. फ्लॅट कॅपचा वरचा भाग डोक्यावरून वळून चोचीवर आडवा बसतो. ते वळण घेणारं कापड लागतं. घोंगडी शिवणीवर दोन पदरी झाली की सुईच तुटेल, आणि कपाळाला खाजेल ते वेगळंच.

घाटावरचा
हॅरिस ट्वीड काय मखमल असते? तीही राठच असते. ती चालते आणि आपली खाजते?

पेनाइन_वारा
घाटावरचे, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हॅरिस ट्वीड खरंच राठ असते. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी हाताने विणलेली, तिथेच रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीची असेल तरच ते नाव लावता येतं. १९९३ चा कायदाच आहे तसा. पण ती बहुतेक वेळा तेरकस (तिरप्या रेघांच्या) विणीत विणतात, म्हणून जाड असूनही वळते. आणि टोपीत ती कपाळाला लागतच नाही, आत अस्तर आणि पट्टी असते.
सदाफुली, बाबांना मऊ हवी असेल तर लॅम्ब्सवूल (कोकराच्या लोकरीची) ट्वीड बघा. डोनेगल ट्वीडही छान, ती आयर्लंडची, अंगभर रंगीत लोकरीचे ठिपके असतात. हवं तर लीड्सच्याच हद्दीतल्या गाइझली गावची घ्या. तिथे १८३७ पासूनची गिरणी आहे, लोकर रंगवण्यापासून कापड तयार होईपर्यंत सगळं एका छपराखाली होतं.

डबलिनकर
लीड्सला रोज भुरभुर पाऊस. ट्वीड भिजते, जड होते, ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. मेणकापडाची घ्या. पाणी ओघळून जातं. मी गेले सगळे हिवाळे त्यावरच काढलेत.

पेनाइन_वारा
असहमत. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दमट असतानाही ऊब देते. मेणकापड म्हणजे मुळात सुती कापड, थंडीत गारठून कडक होतं. त्याला अधूनमधून पुन्हा मेण चोळावं लागतं आणि मेणाचा वास घरभर. मुसळधार पावसात कुत्रा फिरवायचा असेल तर ठीक. वयस्कर माणूस त्या पावसात बाहेर पडतोच कशाला?

डबलिनकर
पेन्शनीतले वडील घरात कोंडून ठेवायचे का मग? माझे सासरे रोज दोन मैल चालतात, पाऊस असो नसो.

ग्रंथाळ
थोडं विषयांतर. १५७१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडात कायदा झाला होता. सहा वर्षांवरच्या पुरुषांनी रविवारी आणि सणाला इंग्लंडात बनलेली लोकरीची टोपी घालायचीच, नाही तर दंड. उमराव आणि प्रतिष्ठित वगळून. लोकरीचा धंदा जगवायला. म्हणून फ्लॅट कॅप कामकऱ्यांची ओळख झाली. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला.

डबलिनकर
तेव्हाची टोपी अशी नव्हती. मऊ, गोल, पसरट असायची. आजची चोचवाली फार नंतरची.

सदाफुली
इतिहास नको म्हटलं होतं ना. मोजलं. ५८ आलं, दोनदा. आता नवीनच गोंधळ: एका साइटवर ५८ समोर ७ १/८ आहे, दुसरीवर ५८ समोर ७ १/४. दोन्ही बरोबर कसं असेल?

उसवण-शिवण
पाहिलंत, ५६ घेतली असती तर कपाळावर वळ उठले असते.
दोन्ही बरोबर आहेत. ७ १/८ हे ब्रिटिश माप, ७ १/४ अमेरिकन. त्यांच्यात एक अष्टमांशाचा फरक असतो. लीड्सच्या दुकानातून घेताय तर ७ १/८. पण नंबराच्या नादी न लागता सेंटिमीटर बघूनच ऑर्डर द्या.

पेनाइन_वारा
मी तर ५७ घेईन. लोकर वापरून सैल होते.

उसवण-शिवण
स्वेटर सैल होतो. टोपीला अस्तर आणि कपाळपट्टी शिवलेली असते, ती घेर धरून ठेवते. भिजून गरम हीटरवर सुकली तर उलट आटेल. थोडी मोठी झाली तर पट्टीच्या आत फोमची किंवा फेल्टची चिंधी सरकवता येते. लहान टोपी मोठी करायला शिवणीत माया (जास्तीचं कापड) ठेवलेलीच नसते.
सदाफुली, आणखी दोन गोष्टी सांगा. बाबांच्या डोक्यावर केस कितपत? चष्मा किंवा कानात मशीन?

सदाफुली
केस जवळजवळ नाहीत. चष्मा आहे. आणि हो, उजव्या कानामागे मशीन आहे. का? दादाने पाठवलेल्या ट्वीडच्या लिंकमध्ये कान झाकायच्या घड्या आहेत, थंडीला बरं म्हणून मी तीच धरली होती.

उसवण-शिवण
मग ती नको. कानामागच्या मशीनच्या माइकवर कापड आलं की शिट्टी वाजते, बोललेलं नीट ऐकू येत नाही, चष्म्याच्या दांडीवर दाब पडतो. ते दोन दिवसांत टोपी खुंटीला लावतील. घडीविना साधी घ्या, फार वारा असेल तर वरून मफलर सैल बांधता येतो.
केस नाहीत तर अस्तराकडे लक्ष द्या. सॅटिन गुळगुळीत म्हणून बरं वाटतं, पण टकलावर टोपी सरकते आणि पहिल्यांदा गार लागतं. थोडा कापूस भरून टाके घातलेलं अस्तर, आणि पट्टी सुती. आकारात आठ पाकळ्यांची फुगीर नको, ती तरुणांना शोभते आणि वाऱ्याने वर उचलली जाते. एकसंध वरच्या कापडाची, मागे उतरती. चोच टिचबटणाची नको, शिवलेली घ्या. दिसायला नीट आणि त्यांना रोज बटण लावत बसायला नको.

आबा_कोथरूड
एवढं सगळं बघायचं असतं हे माहीत नव्हतं. गांधी टोपी मात्र सोबत द्या, घरात घालतील.

सदाफुली
ती देणारच आहे आबा, तीन इस्त्री करून ठेवल्यात.
ठरलं. करड्या हेरिंगबोनची (माशाच्या काट्यासारख्या नक्षीची) लॅम्ब्सवूल ट्वीड, ५८, टाके घातलेलं अस्तर, घड्या नाहीत. दादाला कळवलं. सगळ्यांचे आभार, विशेषतः उसवण-शिवण. एकच विचारते, फेब्रुवारीत ते परत आल्यावर ठाण्यात ती टोपी ठेवायची कशी? इथे पावसाळ्यात पुस्तकांनाही बुरशी धरते.

उसवण-शिवण
मशीनमध्ये कधीच धुवू नका, लोकर गच्च बसते आणि चोच वाकते. मऊ ब्रशने झटका, डाग असेल तर ओल्या फडक्याने टिपा. ठेवण्याआधी पट्टीवरचा घाम नक्की पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कसर घाम-तेलाच्या जागी आधी लागते. आत जुन्या सुती साडीचा बोळा भरा म्हणजे आकार राहील, मग सुती पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये नको, दमट हवा आतच कोंडते. पावसाळ्यात मधूनमधून बाहेर काढून वारा द्या.

घाटावरचा
आमच्याकडे घोंगडीला कडुलिंबाचा पाला घालतात. वाळलेला घाला, ओला नको, डाग पडतो. आणि मी तो घोंगडीचा तुकडा शिवून बघणारच आहे, अस्तर लावून.

उसवण-शिवण
बघा. खळ आधी कोमट नव्हे, साध्या पाण्यात धुऊन काढा, आणि १८ नंबरची सुई लावा. मला फोटो पाठवा.

मोठ्या_डोक्याचा
धागा वर काढतोय. माझा घेर ६३ आहे आणि मला आठ पाकळ्यांचीच आवडते. पुण्यात मापाने शिवून देणारं कुणी आहे का? कापड मी आणीन, चोचीच्या आतला साचा कुठे मिळतो तेही सांगा.